कानाची साक्ष

आज मला ज्यांच्याविषयी बोलावयाचे आहे, त्यांच्यापैकी बहुतेकांस माझे हे बोलणे ऐकू येणार नाही. रेडिओवरून बहिऱ्या माणसांविषयी बोलणे थोडे विचित्र वाटेल हे खरे. परंतु हे भाषण पुढे छापले जाणार आहे, आणि ज्यांस वाचता येते त्यांच्यापर्यंत ते त्या वाटेने पोहोचेल. ज्यांस ऐकूही येत नाही आणि ऐकू न आल्यामुळे भाषाच न मिळाल्याने वाचताही येत नाही, त्यांचा प्रश्न निराळा आहे. आजच्या भाषणाचा रोख त्यांच्याकडे आहे.

नाणे मावळातील, पवन मावळातील किंवा आंदर मावळातील एखाद्या वाडीचे चित्र आपण डोळ्यांपुढे आणावे. घरात दीड-दोन वर्षांचे मूल आहे. ते हसते, खेळते, आईच्या मागे धावते. परंतु बोलत नाही. हाक मारली तर कधी वळते, कधी वळत नाही. घरच्यांच्या मनात शंकेची पाल चुकचुकते. मग आजी पितळेची थाळी आणि उलथणे घेते, नातवाच्या पाठीमागे जाऊन उभी राहते आणि थाळी वाजविते. मूल झटकन वळून पाहते. सर्वांच्या जिवात जीव येतो. "ऐकतोय की! याचा बापही उशिराच बोलला होता," असे म्हणून आजी थाळी पुन्हा मांडणीवर ठेवते, आणि त्या थाळीबरोबर मुलाच्या आयुष्यातील एक-दोन अमोल वर्षेही त्या मांडणीवर ठेवली जातात.

आजीची परीक्षा मूर्खपणाची नव्हती. चूक होती ती परीक्षेच्या अर्थात. मूल वळले हे खरे. पण कशामुळे वळले? कदाचित आजीची सावली भिंतीवर हलली असेल. कदाचित तिच्या पावलाचा धक्का जमिनीतून त्याच्या तळव्यांस लागला असेल. समोर बसलेल्या आईची नजर वर गेली म्हणून तिच्या नजरेमागे त्याने पाहिले असेल. बहिऱ्या मुलाचे डोळे आणि त्वचा फार सावध असतात. आणि समजा, त्याने खरोखरच थाळी ऐकली असेल, तरी काय सिद्ध झाले? थाळीचा आवाज आईच्या बोलण्याहून कितीतरी पटींनी मोठा असतो. ज्या कानास थाळी ऐकू येते, त्यास 'ये बाळा' हे शब्द ऐकू येतीलच असे नाही.

कानाच्या परीक्षेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास म्हणजे थाळीची ही फसवणूक एकेक पाऊल मागे हटविण्याचा इतिहास होय. आज बहिऱ्या मुलाच्या कानात यंत्र बसविण्याची शस्त्रक्रिया होते, तिचे नाव कॉक्लिअर इम्प्लांट. तिच्याविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ येते. परंतु शस्त्रक्रियेच्या अगोदर ज्या परीक्षा होतात, त्यांच्याविषयी फारसे कोणी बोलत नाही. आणि मुलाचे भवितव्य बव्हंशी तेथेच ठरते. म्हणून आज त्या परीक्षांची कथा सांगावयाची आहे.

हा माणूस जन्मतः बहिरा आहे काय, हा प्रश्न आपल्याकडे केवळ वैद्यांचा कधीच नव्हता. तो वारशाचा, म्हणजे जमीनजुमल्याचाही प्रश्न होता. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात ज्यांस वडिलार्जित मिळकतीचा वाटा नाही अशांची यादी आहे. तीत जन्मांध आणि जन्मबधिर यांची गणना केलेली आहे. त्यांस अन्नवस्त्र द्यावे, पण वाटा देऊ नये, असा तो नियम. याज्ञवल्क्यावरील मिताक्षरा टीकेत विज्ञानेश्वराने एक सवलत ठेविली की, औषधादिकांनी दोष दूर झाला तर वाटा मिळावा. इंग्रजी अमदानीत न्यायालये हाच कायदा चालवीत. मात्र दोष जन्मजात व असाध्य असला पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष असे. पुढे १९२८ साली एक स्वतंत्र कायदा होऊन केवळ शारीरिक व्यंगामुळे हिंदू वारसास मिळकतीस मुकावे लागू नये असे ठरले. तोवर भावाच्या बहिरेपणावर दुसऱ्या भावाचे शेत वाढू शकत होते. 'जन्मजात आहे काय' आणि 'असाध्य आहे काय' हे दोन प्रश्न तेव्हा न्यायाधीश विचारी. आज तेच दोन प्रश्न शस्त्रक्रियेपूर्वी डॉक्टर विचारतो. फरक एवढाच की, त्या काळी उत्तर देण्यास खात्रीचे साधन कोणाजवळच नव्हते.

ते साधन शोधण्याचा पहिला नेटाचा प्रयत्न एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिस येथील मूकबधिरांच्या संस्थेत झाला. तेथील वैद्य इतार याने धातूचे एक कडे टांगले आणि लंबकाचा आघात ठराविक अंतरावरून त्याच्यावर पडेल अशी योजना केली. लंबक जितका दूर न्यावा, तितका आवाज मोठा. थाळीच होती ती. पण मोजून वाजविलेली. आणि ती मोजून वाजविताच एक गोष्ट उघडकीस आली : संस्थेतील सर्व मुले सारखी बहिरी नव्हती. कोणास मोठा आवाज ऐकू येई, कोणास मध्यम, कोणास काहीच नाही. 'बहिरा' आणि 'ऐकता' असे दोनच वर्ग जगात नसून मध्ये अनेक पायऱ्या आहेत, हे ज्ञान ह्या परीक्षेने दिले.

दुसरी पायरी नादकाट्याची. हे द्विशाखी पोलादी साधन १७११ साली जॉन शोर नावाच्या इंग्रज वादकाने वाद्ये जुळविण्यासाठी केले. वेबर याने १८३४ साली आणि रिन्ने याने १८५५ साली त्याचा उपयोग कानासाठी कसा करावा हे दाखविले. नादकाटा छेडून कानामागच्या हाडावर टेकवावयाचा. तेथे ऐकू येणे थांबले की तो कानासमोर धरावयाचा. निरोगी माणसास तो अजून हवेतून ऐकू येतो. हाडावरून चांगले व हवेतून कमी ऐकू येत असेल, तर दोष पडद्याच्या किंवा मधल्या कानाच्या बाजूस आहे. दोन्ही वाटांनी सारखेच कमी ऐकू येत असेल, तर दोष खोल, आतल्या कानात किंवा ज्ञानतंतूत आहे. घराच्या दारास कुलूप आहे की घरातला दिवाच विझला आहे, हे ह्या काट्याने कळू लागले. दाराचे कुलूप बहुधा औषधाने किंवा साध्या शस्त्रक्रियेने निघते. आतला दिवा विझला असेल तर उपाय निराळा.

ह्यानंतरचे पाऊल आपल्या रेडिओच्या घराण्यातलेच आहे. श्रवणमापक यंत्राची कल्पना १८७९ साली ह्यूज याने मांडली होती; परंतु तिला खरे रूप येण्यास निर्वात नळी, म्हणजे ज्यास आपण व्हॉल्व म्हणत असू, ती निघावी लागली. ज्या व्हॉल्वने रेडिओस वाचा दिली, त्यानेच हवा तो स्वर हव्या त्या जोराने काढणारे यंत्र शक्य केले. अमेरिकेतील वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीचे असे यंत्र १९२२ साली प्रचारात आले. मुंबईहून नियमित प्रक्षेपण १९२७ साली सुरू झाले. दोन्ही एकाच पिढीची भावंडे. मोजून पाहिल्यावाचून मानू नये, ही त्या काळाची वृत्ती आपल्या मावळासही परकी नव्हती. स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्यास १९२४ साली कैवल्यधाम स्थापून योगक्रिया यंत्रांच्या साहाय्याने तपासण्याचा उपक्रम सुरू केला, तो ह्याच दशकातला.

श्रवणमापकाबरोबर एक मापही आले. टेलिफोनच्या जनकाच्या नावावरून त्यास डेसिबेल म्हणतात. आणि हा जनक, अलेक्झांडर ग्रॅहम बेल, मूळचा बहिऱ्यांचा शिक्षक होता, त्याची आई व पत्नी दोघीही बहिऱ्या होत्या, हे येथे आठवण्यासारखे आहे. ह्या मापाची चाल पावलांची नसून उड्यांची आहे. दहा डेसिबेल वाढले की आवाजाची शक्ती दहापट होते. वीस वाढले की शंभरपट. निरोगी तरुण कानास जेमतेम ऐकू येईल तो आवाज शून्य. कुजबूज तिसाच्या आसपास. नेहमीचे बोलणे साठाच्या आसपास. ज्यास नव्वद डेसिबेलपर्यंत काहीच ऐकू येत नाही, त्याच्यासाठी निरोगी कानास पुरणाऱ्या आवाजाची शक्ती शंभर कोटी पट वाढवावी लागते. आता आजीच्या थाळीकडे पुन्हा पाहा. जवळून जोराने वाजविलेली थाळी नव्वदाच्याही वर जाऊ शकते. सत्तर डेसिबेलचे बहिरेपण असलेले मूल ती खरोखर ऐकेल आणि खरोखर वळेल. आणि तरीही साठ डेसिबेलने बोलणाऱ्या आईचा एकही शब्द त्याच्या कानी पडणार नाही.

एवढ्याने काम भागले असे नव्हे. यंत्रास शांतता लागते. आषाढात लोणावळ्याचा पाऊस पत्र्यावर कोसळू लागला म्हणजे शेजारी बसलेल्याचे बोलणे ऐकू येत नाही. तेथे बारीक स्वर कोण ओळखणार? म्हणून ही परीक्षा ध्वनिरोधक खोलीतच करावी लागते. शिवाय आवाज ऐकू आला की बटण दाबावयाचे, हे मोठ्या माणसास सांगता येते. दीड वर्षाच्या मुलास कोण सांगणार? फसवणुकीचे एक दार बंद झाले, परंतु ज्याच्यासाठी खरी घाई होती त्या तान्ह्या मुलासाठी वाटच नव्हती.

ती वाट इंग्लंडात मँचेस्टर येथील यूइंग पतिपत्नींनी काढली. १९४४ साली प्रसिद्ध केलेल्या त्यांच्या पद्धतीत यंत्र मुळीच नव्हते. खुळखुळा, पातळ कागदाची चुरचुर, कपावर हलकेच फिरविलेला चमचा, आणि हळू आवाजातले बोलणे, एवढीच साधने. मूल आईच्या मांडीवर. एक परीक्षक समोर बसून त्याचे लक्ष धरून ठेवणार. दुसरा पाठीमागे, त्याच्या दृष्टीबाहेर, ठराविक अंतरावरून आवाज काढणार. सावली पडू द्यावयाची नाही, जमीन हलू द्यावयाची नाही, आईने मान वळवावयाची नाही. आमच्या आजीचीच परीक्षा ही. मात्र तिच्यातली लबाडी काढून घेतलेली, आणि थाळीच्या जागी चुरचुर आणलेली. पुढे आवाजाच्या दिशेने वळणाऱ्या मुलास दिवा लागलेले खेळणे दाखवून त्याचा उत्साह टिकविण्याची युक्ती निघाली. सहा महिन्यांच्या पुढच्या मुलांसाठी ती अजूनही वापरतात. अडीच-तीन वर्षांची मुले प्रत्येक स्वरास एक ठोकळा डब्यात टाकतात, आणि खेळता खेळता साक्ष देतात.

त्याच सुमारास दुसऱ्या महायुद्धाने हजारो सैनिक कान गमावून घरी धाडले. लोणावळ्यास आरमाराची 'शिवाजी' ही यंत्रशिक्षणसंस्था १९४५ साली निघाली. तोफा आणि इंजिने यांच्या सहवासात कानांचे काय होते, हा प्रश्न त्या काळी साऱ्या सैन्यांपुढे होता. अमेरिकेत रेमंड कारहार्ट याने अशा सैनिकांची परीक्षा घेताना नुसत्या स्वरांवर न थांबता शब्दांकडे लक्ष दिले. स्वर ऐकू येणे निराळे आणि बोलणे उमगणे निराळे. कित्येकांस आवाज येतो, पण शब्द फुटत नाहीत. तेव्हापासून शब्दांच्या व वाक्यांच्या याद्या करून, शंभरांपैकी किती ओळखले, हे मोजण्याची चाल पडली. प्रौढ माणसास इम्प्लांट द्यावे की नाही, हे मुख्यतः ह्या परीक्षेवर ठरते : चांगले श्रवणयंत्र लावूनही त्यास वाक्ये कितपत कळतात?

येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. इंग्रजी याद्या आपल्या माणसाच्या काय कामाच्या? कामशेतच्या शेतकऱ्यास इंग्रजी शब्द ओळखता आला नाही, तर दोष कानाचा की शाळेचा? म्हणून मराठीतही शब्दांच्या याद्या तयार कराव्या लागल्या. आणि त्या नुसत्या भाषांतराने होण्यासारख्या नव्हत्या. आपल्या भाषेत 'काल' आणि 'काळ' ह्यांत एका अक्षराने अर्थ पालटतो. 'पाट' आणि 'पाठ' ह्यांत केवळ एका श्वासाचे अंतर आहे. हे भेद ज्या कानास उमगतात, तोच मराठी ऐकणारा कान. परीक्षा ज्याची त्याच्या भाषेत झाली पाहिजे, हा ह्या प्रकरणाचा एक मोठा धडा आहे.

तरीही तान्ह्या मुलाविषयी एक शंका उरतेच. ते वळले नाही ते ऐकू आले नाही म्हणून, की कंटाळले म्हणून? त्याच्या इच्छेवर अवलंबून नसलेली साक्ष कशी मिळवावी? १९३० साली अमेरिकेत प्रिन्स्टन येथे वेव्हर आणि ब्रे ह्या दोघांनी एक विलक्षण प्रयोग केला. भूल दिलेल्या मांजराच्या श्रवणतंतूस तार जोडून ती दूरच्या खोलीतील टेलिफोनच्या श्रवणीस नेली. एक जण मांजराच्या कानाशी बोले, आणि दुसऱ्यास ते शब्द टेलिफोनमध्ये ऐकू येत. कान ऐकतो तेव्हा वीज निर्माण करतो, आणि ती वीज बाहेरून टिपता येते, हे त्यामुळे प्रत्यक्ष दिसले. चाळीस वर्षांनी, १९७० व १९७१ साली, ज्यूएट व त्याच्या सहकाऱ्यांनी माणसाच्या डोक्यावर नुसत्या पट्ट्या चिकटवून ही वीज टिपली. कानात टकटक असा आवाज हजारो वेळा सोडावयाचा, आणि पहिल्या एक शतांश सेकंदात मेंदूच्या देठातून उठणारे सूक्ष्म तरंग एकत्र करून पाहावयाचे. मूल झोपलेले असले तरी चालते. किंबहुना झोपलेलेच असावे लागते. ह्या परीक्षेस डॉक्टर 'बेरा' म्हणतात, आणि ते नाव आता खेड्यापाड्यांतल्या आईबापांच्याही तोंडी आहे.

१९७८ साली लंडनमध्ये डेव्हिड केंप याने त्याहून नवल दाखविले : निरोगी आतला कान आवाज घेतो तसाच अगदी बारीक आवाज उलट बाहेरही टाकतो, आणि तो कानात ठेवलेल्या सूक्ष्म मायक्रोफोनने पकडता येतो. जन्मल्यापासून दुसऱ्या दिवशी, काही मिनिटांत, ही परीक्षा होऊ शकते. मधल्या कानात पाणी साचले आहे काय हे हवेच्या दाबाने सांगणारी एक परीक्षाही आहे. डेन्मार्कच्या मेट्झने १९४६ साली तिचा पाया घातला. पावसाळाभर मुलांस सर्दी आणि कान वाहणे जडणाऱ्या आमच्या मुलखात ती विसरून चालत नाही. कारण अशा पाण्याने इतर परीक्षांचे निकाल बिघडतात, आणि वाहत्या कानावर इम्प्लांटची शस्त्रक्रिया करता येत नाही.

इतकी साधने झाल्यावर कोणती खरी मानावी? १९७६ साली जर्गर व हेज ह्यांनी एक साधा नियम सांगितला : कोणत्याही एका परीक्षेचा निकाल, दुसऱ्या स्वतंत्र परीक्षेने दुजोरा दिल्यावाचून मानू नये. बारा मावळांतील वतनांच्या तंट्यांचे जुने कागद ज्यांनी पाहिले असतील, त्यांस हा नियम नवा वाटणार नाही. गोतसभा बसे, शेजारपाजारच्या गावांच्या साक्षी होत, आणि मगच महजर लिहिला जाई. साक्षीपुराव्याने निकाल लागेना तेव्हा उकळत्या तेलात हात घालण्याचे दिव्यही करीत. पण एका हाताच्या भाजण्यावर सत्य ठरत नाही, हे आपण पुढे शिकलो. कानाचेही तसेच आहे. 'बेरा'त तरंग दिसला नाही म्हणजे मूल ठार बहिरे, असे नव्हे. त्याच्या खर्ज स्वरांत थोडे श्रवण शिल्लक असू शकते. उलट, १९९६ साली स्टार व त्याच्या सहकाऱ्यांनी असे रुग्ण वर्णिले की, ज्यांचा आतला कान केंपच्या परीक्षेत उत्तम उतरतो, पण ज्ञानतंतूतून निरोप मेंदूपर्यंत सुसंगत पोहोचत नाही. एकाच साक्षीवर विसंबले तर अशा मुलास 'ऐकते' असे म्हणून घरी धाडले जाईल. थाळीची फसवणूक यंत्रानेही होऊ शकते, ही गोष्ट लक्षात ठेविली पाहिजे.

आता शस्त्रक्रियेकडे वळू. विजेने कान जागा करण्याची कल्पना जुनी आहे. १८०० साली व्होल्टाने आपल्या विद्युत्घटाच्या तारा स्वतःच्या दोन्ही कानांत घातल्या. डोक्यास धक्का बसला आणि घट्ट रस्सा खदखदावा तसा आवाज त्यास आला. १९५७ साली पॅरिसमध्ये जूर्नो व एरिएस यांनी एका बहिऱ्या रुग्णाच्या श्रवणतंतूजवळ तार बसविली. १९६१ साली लॉस एंजेलिस येथे विल्यम हाउस याने आतल्या कानाच्या गोगलगाईच्या शंखासारख्या वळणदार नळीत, म्हणजे कॉक्लियात, तार घालून पाहिली. अनेक शास्त्रज्ञांचा ह्यास विरोध होता. असल्या यंत्राने बोलणे कळणे अशक्य, असे ते म्हणत. हा वाद वादाने मिटला नाही. तो परीक्षेने मिटला. अमेरिकन सरकारच्या सांगण्यावरून पिट्सबर्ग येथील बिल्गर व त्याचे सहकारी यांनी असे यंत्र बसविलेल्या तेरा माणसांची कसून तपासणी केली आणि १९७७ साली अहवाल दिला. नुसत्या यंत्रावर त्यांस बोलणे कळत नव्हते. परंतु ओठांच्या हालचाली वाचण्यास त्याची मदत होत होती आणि स्वतःच्या आवाजावर ताबा राहत होता. दोन्ही पक्षांच्या अतिशयोक्तीस ह्या अहवालाने लगाम घातला. त्याच वर्षी व्हिएन्ना येथे होखमायर पतिपत्नींनी, आणि १९७८ साली मेलबर्न येथे ग्रॅहम क्लार्क याने, अनेक तारांची यंत्रे बसविली. आणि बोलणे कळण्याची आशा खरी ठरू लागली. क्लार्कचे वडील बहिरे होते. औषधांच्या दुकानात गिऱ्हाइकांचे बोलणे न कळल्याने होणारी त्यांची तारांबळ त्याने लहानपणी पाहिली होती.

अमेरिकेत १९८४ साली प्रौढांसाठी आणि १९९० साली दोन वर्षांवरील मुलांसाठी ह्या यंत्रास परवानगी मिळाली. २००० साली ती वयोमर्यादा बारा महिन्यांवर आली. ही मर्यादा खाली येऊ शकली, कारण तान्ह्या मुलाच्या कानाविषयी खात्रीने बोलता येईल इतक्या परीक्षा तोवर पक्क्या झाल्या होत्या. शस्त्रक्रियेचा हात परीक्षेच्या डोळ्यामागून चालतो. भारतात मुंबईच्या डॉ. सँड्रा डेसा सूझा यांनी १९८७ साली केलेले रोपण पहिले म्हणून गणले जाते. बहिऱ्यांच्या शिक्षणाची सुरुवात तर मुंबईत १८८५ च्या सुमारास बिशप मूरिन यांच्या शाळेने झाली होतीच. श्रवणतज्ज्ञ शिकवून तयार करण्याचे काम १९६६ साली मुंबईच्या नायर रुग्णालयात सुरू झाले. आणि वांद्रे येथे १९८३ साली अली यावर जंग यांच्या नावाची राष्ट्रीय संस्था निघाली.

आज रोपणापूर्वी मुलाची जी तपासणी होते, तीत हा सारा इतिहास एका रांगेत उभा असतो. प्रथम जन्माची व घराण्याची हकीकत : कावीळ, मेंदूज्वर, अपुऱ्या दिवसांचा जन्म, नात्यातले लग्न. मग कानाचा पडदा, मधल्या कानाचा दाब, केंपची परीक्षा, 'बेरा', आणि खेळातून घेतलेली परीक्षा. त्यानंतर साधारण तीन महिने उत्तम श्रवणयंत्र लावून पाहावयाचे. त्यानेच काम भागत असेल तर शस्त्रक्रिया कशाला? शेवटी चित्रे काढून कॉक्लिया नीट घडलेला आहे ना आणि श्रवणतंतू आहे ना, हे पाहावयाचे. कारण तंतूच नसेल तर यंत्राचा निरोप नेणार कोण? आणि एवढे सर्व होऊनही हे यंत्र कानास पूर्ववत् करीत नाही. ते मेंदूस एक नवी लिपी देते. ती वाचावयास शिकविण्याचे काम आईबापांनी आणि शिक्षकांनी पुढे वर्षानुवर्षे करावयाचे असते.

पैशाची अडचण मोठी होती; ती काही अंशी दूर झाली आहे. २०१३ साली बालकांच्या आरोग्यतपासणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्याच राज्यात पालघर येथे सुरू झाला, आणि तपासावयाच्या दोषांत जन्मजात बहिरेपणाचा समावेश झाला. २०१४ साली केंद्र सरकारच्या साहाय्ययोजनेत रोपणासाठी मुलामागे सहा लाख रुपयांपर्यंतच्या मदतीची सोय झाली. जे पैशाने मिळत नाही ते वय. ऐकण्याच्या वाटा मेंदूत पहिल्या काही वर्षांतच मोकळ्या असतात. जन्मतः बहिऱ्या मुलास साडेतीन वर्षांच्या आत आवाज मिळाला तर मेंदू तो आपलासा करतो, पुढे ते अवघड होत जाते, असे अभ्यासांत आढळले आहे. म्हणून तज्ज्ञांनी सोपी त्रिसूत्री घालून दिली : पहिल्या महिन्यात प्राथमिक तपासणी, तिसऱ्याच्या आत निदान, सहाव्याच्या आत उपाययोजना. लोणावळ्याहून पुण्यास लोकल जाते; वाडीतून स्टेशनापर्यंत येणे हाच कठीण भाग, आणि त्याहून कठीण म्हणजे निघावे असे वाटणे. थाळीने दिलेला दिलासा नेमका ते वाटणे मारतो.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रत्येक मुलास रोपण लागू पडेलच असे नाही, आणि प्रत्येक कुटुंबास ते करावेसे वाटेल असेही नाही. परीक्षा आणि प्रतीक्षा चालू असता मुलास भाषेवाचून ठेवू नये. हातांच्या खुणांची भाषा ही पूर्ण भाषा आहे. तिच्या अभ्यासासाठी २०१५ साली दिल्लीत राष्ट्रीय केंद्रही निघाले. कानाने असो वा डोळ्याने, मुलास भाषा वेळेवर मिळाली पाहिजे. इतिहासाचा निवाडा हाच आहे. भाषा नसलेल्यास शास्त्राने एकदा वाटा नाकारला होता. आता आपल्या दिरंगाईने तो पुन्हा नाकारला जाऊ नये.

म्हणून आजीबाईंनी थाळी वाजवावी. माझी काही हरकत नाही. शंका आली म्हणून त्यांनी ती हाती घेतली, हेच मोठे. परंतु मूल वळले तरी समाधान मानू नये, आणि न वळले तरी हताश होऊ नये. तो एक साक्षीदार झाला. उरलेल्या साक्षीदारांकडे मुलास लवकर घेऊन जावे. त्याची साक्ष वेळेवर झाली, तर माझ्यासारख्या एखाद्याचे असे भाषण पुढे कधीतरी तो ऐकेल. आणि ऐकू आले नाही, तरी छापलेले खचित वाचील.